नोटेची खळ

वाचकाचे पत्र

साखर पेठेतील आमच्या जुन्या घराचे पत्रे बदलताना माळ्यावरच्या लोखंडी ट्रंकेत लाल कापडात बांधलेला जुन्या नोटांचा गठ्ठा सापडला. आजोबा लुगडी आणि टॉवेल घेऊन नळदुर्ग, तुळजापूर, गुलबर्ग्याच्या बाजारांना जात, त्यामुळे त्यात निजामाच्या हैदराबाद संस्थानच्या काही नोटा आहेत. शिवाय सहाव्या जॉर्जचे चित्र असलेल्या पाच रुपयांच्या दोन, अशोकस्तंभाच्या एक रुपयाच्या काही आणि गांधी जन्मशताब्दीच्या दहा आणि शंभराच्या नोटा आहेत. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला हा गठ्ठा चौरंगावर ठेवत, म्हणून काहींवर हळद-कुंकवाचे डाग आहेत. काही नोटांची चौघडी घातलेली आहे, काहींना गंजलेल्या टाचण्या (स्टेपलरच्या पिना) आहेत आणि एकीला चिकटपट्टी लावलेली आहे. मेव्हण्यांच्या सांगण्यावरून जॉर्जची एक नोट मी कपडे धुण्याच्या पावडरच्या कोमट पाण्यात ताटात बुडवली आणि ओली असतानाच वर्तमानपत्रात घालून वरून इस्त्री फिरवली. हळदीचा डाग गेला नाही, उलट लाल झाला आणि कडेला काळसर ठिपके आले. पण नोट अगदी सपाट झाली. पुण्यातील एका प्रदर्शनात दोन्ही नोटा दाखवल्या, तेव्हा विक्रेत्याने दोन मिनिटांत धुतलेली नोट ओळखली आणि तिला न धुतलेल्या, घड्या पडलेल्या नोटेहूनही कमी किंमत सांगितली. तो भाव पाडत होता का? आणि बाकीच्या नोटा मी स्वच्छ आणि सपाट करून घ्याव्यात की नाही? सौ. म्हणते, हात लावू नका.

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो. वहिनींचे म्हणणे बरोबर आहे. मेव्हण्यांनी सांगितलेली रीत चादरीसाठी चांगली आहे, नोटेसाठी नाही. विक्रेत्याने भाव पाडला असे मला वाटत नाही, कारण तो ज्या खुणा पाहत होता त्या बहुतेक सगळ्या आपण स्वतःच आपल्या पत्रात लिहून पाठवल्या आहेत. त्या खुणा कोणत्या आणि त्या का उमटतात, हे एकदा नीट समजले की बाकीच्या नोटांचे काय करायचे याचे उत्तर बरेचसे आपोआप मिळेल.

आपण सोलापूरचे, त्यातही कापडाच्या घरातले, म्हणून ही गोष्ट आपल्याला दोन वाक्यांत सांगता येईल. माग चालवणाऱ्याला ठाऊक असते की ताण्याच्या सुताला कांजी दिल्याशिवाय ते मागावर टिकत नाही, आणि गिऱ्हाइकाला ठाऊक असते की कोऱ्या कापडाची खळ पहिल्या धुण्यात जाते आणि मग कितीही इस्त्री केली तरी ते कापड दुकानात होते तसे पुन्हा होत नाही. नोटेचा कागद हा लाकडाच्या लगद्याचा नसून कापसाच्या तंतूंचा असतो. १९६८ मध्ये होशंगाबादला आपला कारखाना निघण्यापूर्वी तो आपल्याकडे परदेशातून येत असे. या कागदावर कारखान्यातच जिलेटिनसारख्या द्रव्याचा एक पातळ थर चढवतात. त्या थरामुळे शाई तंतूंत पसरत नाही, कागद शेकडो हातांतून फिरूनही लवकर फाटत नाही आणि कोरी नोट बोटांत हलवली की ती करकर वाजते. ही नोटेची खळ होय. साबणाच्या कोमट पाण्यात जिलेटिन फुगते आणि सुटू लागते. नोट वाळली की ती वरून कोरी वाटते, पण हातात घेतली तर जुन्या धोतराच्या चिंधीसारखी लुळी लागते.

विक्रेत्याने नोट हातात घेतली तेव्हा त्याला पहिली शंका बहुधा याच लुळेपणामुळे आली असावी. वापरातल्या नोटेतही लुळेपणा असतो, पण तो सगळीकडे सारखा नसतो. घडीच्या रेघेवर आणि कोपऱ्यांवर तो जास्त असतो आणि जिथे कमी हात लागले त्या मधल्या भागात कागदाला थोडी धार शिल्लक असते. धुतलेली नोट मात्र इकडून तिकडे एकसारखी मऊ असते. दुसरी खूण डोळ्यांना दिसते. वर्षानुवर्षे खिशात फिरलेल्या नोटेच्या घडीत मळ साचतो आणि म्हणून ती रेघ आजूबाजूच्या कागदापेक्षा गडद दिसते. धुतल्यावर मळ निघून जातो, पण घडीवर तुटलेले तंतू आणि तिथून झडलेली शाई काही परत येत नाही, आणि मग तीच रेघ पांढरी दिसू लागते. कोपरे गोलाकार झिजलेले, घडीवर पांढरी रेघ आणि चेहरा मात्र लख्ख, असा मेळ कुठल्याही नोटेत स्वाभाविकपणे जमून येत नाही. आपल्याकडे दोन्ही नोटा शेजारी ठेवायला आहेत, म्हणून हे स्वतः करून पाहा. रात्री खोलीतला मोठा दिवा बंद करावा, छोटी बॅटरी टेबलाच्या पातळीला आडवी धरावी आणि तिचा प्रकाश नोटेच्या पृष्ठभागावरून घासून जाईल असे पाहावे. इस्त्रीने गेली असे वाटणारी प्रत्येक घडी त्या तिरक्या उजेडात शेताच्या बांधासारखी उठून दिसेल.

कडेच्या काळसर ठिपक्यांचे कारण वर्तमानपत्र आहे. छापलेल्या वर्तमानपत्राची शाई पूर्ण बसलेली नसते. ओला कागद, वरून इस्त्रीचा दाब आणि उष्णता हे एकत्र आले की ती शेजारच्या कागदावर उतरते. भिंगाखाली पाहिलेत तर काही ठिपके ठिपके नसून उलटी उमटलेली अक्षरे आहेत असे आढळण्याची बरीच शक्यता आहे. मी एकदा एका नोटेच्या पांढऱ्या समासावर आरशात दिसावा तसा उलटा ‘ला’ स्पष्ट वाचला आहे, आणि अशा नोटेविषयी विकणाऱ्याला काही विचारण्याची गरजच उरत नाही.

विक्रेत्याने एखादी जांभळट उजेडाची बॅटरी वापरली होती का, हे आपण लिहिलेले नाही. वापरली असेल तर तीही एक खूण झाली. कपडे धुण्याच्या बहुतेक पावडरींत कापड पांढरेशुभ्र दिसावे म्हणून चमक देणारी द्रव्ये घातलेली असतात. पूर्वी आपण निळीने जे काम करून घेत होतो तेच ती वेगळ्या रीतीने करतात. ती अतिनील प्रकाश शोषून निळसर उजेड बाहेर टाकतात. नोटेच्या कागदात अशी द्रव्ये घालत नाहीत, त्यामुळे अतिनील बॅटरीखाली तो मंद आणि काळपट दिसायला हवा. सहाव्या जॉर्जची पाच रुपयांची नोट ही रिझर्व्ह बँकेने १९३८ मध्ये काढलेली पहिली नोट आहे. त्या काळातला कागद नव्या बनियनसारखा निळा चमकू लागला, तर तो अलीकडे पावडरच्या पाण्यातून निघाला आहे हे उघड होते.

आता हळदीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडच्या घराघरांत हा प्रश्न आहे आणि परदेशी संग्राहकांनी लिहिलेल्या सल्ल्यांत हळदीचा उल्लेख सहसा सापडत नाही. हळदीचा पिवळा रंग ज्या द्रव्यामुळे असतो ते क्षाराच्या संपर्कात आले की लालसर होते. कुंकू पारंपरिक पद्धतीने करतात तेव्हा हळदीवर हाच प्रयोग केलेला असतो, आणि हळदीचा डाग पडलेल्या साडीला साबण लावला की तो क्षणभर लाल होतो हे आपल्या घरातील प्रत्येक स्त्रीने पाहिलेले असते. कपडे धुण्याची पावडर क्षारयुक्त असते, म्हणून आपल्या नोटेवरचा डाग गेला नाही, फक्त रंग बदलून आणखी ठळक झाला. बाजारातल्या पुष्कळ कुंकवांत तर कृत्रिम रंग असतो आणि तो पाण्यात विरघळतो. कोरडे असताना कुंकवाचा एक ठिपका असतो, पाणी लागले की त्याभोवती हरभऱ्याएवढे गुलाबी वलय होते आणि ते कागदाच्या आतपर्यंत जाते. लिंबू, व्हिनेगर किंवा खाण्याचा सोडा यांपैकी काहीही लावू नका. आम्लाने कापसाचे तंतू कमजोर होतात. कपड्यांसाठीचे ब्लीच तर त्याहूनही वाईट असते, कारण ते रंगाबरोबर तंतूही जाळते आणि काही वर्षांनी तिथला कागद पिवळा पडून ठिसूळ होतो. हळद उन्हाने उडते, म्हणून नोट गच्चीवर वाळत घालावी, असेही कोणीतरी आपल्याला सांगेल. ऊन हळद उडवते हे खरे. पण सोलापूरच्या मे महिन्यातले ऊन नोटेची शाईही उडवते, आणि हळद जाईपर्यंत शाई थांबून राहत नाही.

म्हणून हळदी-कुंकवाचे डाग जसे आहेत तसे राहू द्यावेत. कुंकवाची सुटी पूड नोटेवर असेल तर तेवढी मऊ, कोरड्या, स्वच्छ कुंचल्याने हलकेच झाडावी; लहान मुलांच्या रंगकामाचा, कधीही रंगात न बुडवलेला कुंचला या कामाला पुरेसा आहे. कुंचला मध्यापासून बाहेरच्या दिशेला फिरवावा आणि तंतूंत बसलेला रंग काढण्याच्या भरीस पडू नये. खोडरबर तर वापरूच नये. बँकेच्या खजिनदारांनी मोजणीसाठी पेन्सिलीने लिहिलेले आकडे खोडून टाकायचा मोह पुष्कळांना होतो, पण रबर घासले की पृष्ठभागावरचे तंतू उभे राहतात आणि तिरक्या उजेडात ती जागा मखमलीसारखी उसवलेली दिसते. पेन्सिलीच्या आकड्याने नोटेचे जेवढे नुकसान झालेले असते, त्याहून जास्त नुकसान ते खोडल्यामुळे होते.

सपाट करण्याचा प्रश्न थोडा वेगळा आहे, कारण धुण्याविषयी जाणकारांत फारसे मतभेद नसले तरी सपाट करण्याविषयी लोक एकमेकांशी वाद घालताना मी पाहिले आहेत. ग्रंथालयांत आणि दप्तरखान्यांत कागदपत्रांना हलकी आर्द्रता देऊन वजनाखाली सपाट करतात, मग नोटेने काय पाप केले आहे, असा युक्तिवाद केला जातो. उत्तर असे की दप्तरातला कागद वाचता यावा एवढाच तिथे हेतू असतो, आणि संग्रहातली नोट छापखान्यातून जशी निघाली त्याच्या किती जवळ आहे यावर तिची किंमत ठरते. छपाईत कागदावर केवळ शाई लागत नाही. क्रमांक छापणारा ठसा कागदात किंचित रुतलेला असतो आणि कोऱ्या नोटेच्या मागच्या बाजूला बोट फिरवले तर तो दाब जाणवतो. १९९६ पासून निघालेल्या महात्मा गांधी मालिकेच्या नोटांवर तर गांधीजींचे चित्र आणि काही अक्षरे मुद्दामच उठावाची छापलेली आहेत. इस्त्री किंवा जड वजन हे सगळे एका पातळीला आणते. कागदावर एक प्रकारचा तुकतुकीत लकाकीचा थर दिसू लागतो, जसा काळ्या पँटवर कापड न घालता इस्त्री केल्यावर दिसतो तसा. ज्या नोटांत सुरक्षा धागा असतो तिथे आणखी एक धोका असतो: हा धागा कापसाचा नसून प्लास्टिकचा असतो, उष्णतेने तो आकसू शकतो, आणि मग त्याच्या दोन्ही बाजूंना कागद चुरगळल्यासारखा दिसतो.

इंटरनॅशनल बँक नोट सोसायटी ही संग्राहकांची संस्था १९६१ पासून काम करते, आणि तिच्या प्रतवारीच्या नियमांत धुणे, स्वच्छ करणे आणि दाबणे याविषयी स्पष्ट इशारा दिलेला आहे. एक्स्ट्रीमली फाइन, म्हणजे अगदी थोड्या घड्या असलेली नोट कोणी अशा प्रक्रियेतून काढली, तर ती निदान एक संपूर्ण प्रत खाली उतरते, असे ते नियम म्हणतात. नोटा तपासून प्लास्टिकच्या सीलबंद पाकिटात घालून देणारी पीएमजी ही संस्था ७० गुणांची मोजपट्टी वापरते. कागदाचा मूळचा गुण शाबूत असेल तर ती ‘ईपीक्यू’ अशी नोंद देते, आणि ही नोंद असल्याशिवाय ६५ किंवा त्याहून वरचा गुण देत नाही. ठळक दोष असलेल्या नोटेच्या गुणापुढे ‘नेट’ असा शेरा येतो. म्हणजे आपली धुतलेली नोट वरकरणी कितीही सुंदर दिसली, तरी तिचे पाकीट तिच्या वतीने खरे बोलणारच. मला स्वतःला या गुणांच्या मागे धावणाऱ्यांचे फारसे कौतुक नाही. पण बाजार त्या पाकिटांवर चालतो आणि आपला प्रश्न किमतीचा होता, म्हणून लिहिले.

या बाबतीत मी स्वतः शहाणपणाने वागलो होतो असे समजू नका. महाविद्यालयात असताना आजोळहून मला १९४९ च्या नमुन्याची एक रुपयाची नोट मिळाली होती. नोट जरा मळकी आणि लुळी होती. मी ती धुतली, मग ती फारच लुळी झाली म्हणून भाताच्या पेजेत बुडवून काढली आणि इस्त्री केली. नोट पापडासारखी कडक झाली आणि मला फार आनंद झाला. ती मी वहीत ठेवून दिली. दोन पावसाळ्यांनंतर वही उघडली तेव्हा नोटेच्या उजव्या समासाला, अशोकस्तंभाच्या सिंहांपर्यंत पोहोचणारी, नक्षीदार कुरतडलेली किनार होती. कसरीला पिष्ट फार आवडते, आणि मी तिच्यासाठी अख्खे पान वाढून ठेवले होते. बाजारात ‘कोरी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही जुन्या नोटांना अशीच कांजी दिलेली असते. ती नोट करकरते, पण तो आवाज कोरड्या पानासारखा असतो आणि वाकवली तर वाकण्याऐवजी मोडते.

आता आपल्या गठ्ठ्याकडे वळू. सर्वांत आधी प्रत्येक नोटेचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र काढून ठेवा. हात धुऊन पूर्ण वाळवावेत, तेल किंवा क्रीम लावलेले नसावे आणि नोट कडेला धरून उचलावी. लाल कापड वेगळे ठेवा, कारण तो रंग दमट हवेत नोटेवर उतरू शकतो.

टाचण्यांना घाई नको. आपल्याकडे बँका नोटांची बंडले टाचण्या मारून देत असत, तेही नेमके जलचिन्हाच्या मोकळ्या जागेतून. २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने ही पद्धत बंद करायला सांगितली. त्यामुळे भारतीय जुन्या नोटेत टाचणीची दोन छिद्रे असणे हा संग्राहकांच्या दृष्टीने माफ असलेला दोष आहे, आणि प्रतवारी करणारेही ती छिद्रे जारी होतानाचीच असल्याची नोंद करतात. पण टाचणी ओढून काढताना छिद्राचे भोक झाले तर तो दोष माफ होत नाही. नोट पालथी ठेवावी, टाचणीचे वळलेले पाय आणि कागद यांच्यामध्ये पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवावी, बोथट चपट्या पात्याने एकेक पाय हळूच सरळ उभा करावा आणि मग नोट सुलटी करून टाचणी वर उचलून घ्यावी. गंजाने ती कागदाला चिकटली असेल आणि हलत नसेल, तर राहू द्यावी. गंजाचा तपकिरी डाग काढण्यासाठी बाजारात मिळणारी आम्लयुक्त द्रव्ये फरशीच्या कामाची असतात.

चिकटपट्टीचे तर नावच काढू नका. तिचा गोंद जुना झाला की तंतूंत मुरतो, आणि पट्टी ओढली की शाईसकट कागदाचा वरचा पापुद्रा तिच्याबरोबर निघतो. ती नोट फार दुर्मीळ निघाली तर कागद-संवर्धनाचे प्रशिक्षण घेतलेल्या माणसाकडे न्यावी, नाहीतर पट्टीसह तशीच ठेवावी. हैदराबाद संस्थानच्या नोटांच्या बाबतीतही मी हेच म्हणेन. १९१८ च्या कायद्याने सुरू झालेल्या या उस्मानिया शिक्क्याच्या, आपल्याकडे हाली म्हणत त्या चलनाच्या नोटा सरहद्दीवरच्या व्यापारातून सोलापुरात आल्या, आणि आपल्या आजोबांचा फिरतीचा व्यवसाय पाहता त्या कुठून आल्या हे आपल्याला सांगता येते, ही मोठी गोष्ट आहे. त्यांवर कुणा पेढीचा जांभळा शिक्का किंवा टाकाने लिहिलेला आकडा असेल तर पाण्याचा थेंबही तिथे लागू देऊ नका. अशी शाई पाण्यात लगेच पसरते. आजोबांची आठवण म्हणून त्या ठेवायच्या असतील तर ट्रंक, लाल कापड आणि ते कोणत्या बाजाराला जात याविषयी घरातल्या वडीलधाऱ्यांना जे आठवते ते एका कागदावर लिहून नोटांबरोबर, पण त्यांना न चिकटवता, ठेवावे.

चौघडी घातलेल्या नोटा उघडायला सध्याचा काळ चांगला नाही. आपले पत्र आले तेव्हा सोलापुरात पारा चाळिशीच्या वर होता आणि पत्र्याच्या माळ्यावर तर कागद भट्टीतच राहिलेला आहे. कोरड्या हवेत कापसाचे तंतू आपल्यातला ओलावा सोडून देतात आणि ताठर होतात. अशा वेळी अनेक वर्षांची घडी उलटी वळवली तर ती घडीवरच चिरते. दमट हवेत हेच तंतू लवचीक होतात. त्यामुळे वाफ देणे, पाणी शिंपडणे, फ्रिजमध्ये ठेवणे असले उपाय न करता गठ्ठा आतल्या खोलीत, कपाटात ठेवावा आणि पावसाळा नीट लागू द्यावा. आषाढात हवा ओलसर झाली, की एके दिवशी एकेक नोट टेबलावर ठेवून बोटांच्या पोटांनी, कागद जेवढा आपणहून उघडेल तेवढीच घडी उघडावी. उघडलेली नोट स्वच्छ पॉलिएस्टरच्या पाकिटात घालून एखाद्या साध्या पुस्तकाखाली काही दिवस राहू द्यावी, म्हणजे ती पाकिटात नीट बसेल. शब्दकोश नको, विटा नकोत, इस्त्री नको. घडीची रेघ राहील. ती राहू द्यायची असते. ती नोट व्हेरी फाइन, म्हणजे काही घड्या पडलेली पण चांगल्या स्थितीतली असेल, तर व्हेरी फाइन म्हणून तिला योग्य भाव मिळतो.

पाकिटांविषयी एक सूचना करतो. मऊ, वासाचे, चिकटसर प्लास्टिक पीव्हीसीचे असते आणि काळाने त्यातून आम्लधर्मी द्रव्य सुटते. अशा अल्बमात ठेवलेल्या नोटा पुढे तेलकट आणि चिकट झालेल्या दिसतात. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रोपिलीन असे लिहिलेलीच पाकिटे घ्यावीत. लॅमिनेशन हे तर नोटेचे थडगे आहे. डांबरगोळ्या नोटांच्या डब्यात टाकू नका. वेखंड ठेवायचे असेल तर कापडी पुरचुंडीत, नोटांना स्पर्श होणार नाही असे ठेवा. आणि कृपा करून तो गठ्ठा पुन्हा माळ्यावर जाऊ देऊ नका.

एका परिस्थितीत मात्र हात लावावा लागतो. नोटांवर पांढरी किंवा हिरवट बुरशी दिसली, तर त्या लगेच बाकीच्यांपासून वेगळ्या कराव्यात, सावलीत वाऱ्यावर वाळू द्याव्यात आणि पूर्ण कोरड्या झाल्यावर नाकाला रुमाल बांधून घराबाहेर कुंचल्याने झाडाव्यात. ओली बुरशी पुसली की ती तंतूंत घासली जाते.

धुतलेल्या नोटेसाठी आता करण्यासारखे काही उरलेले नाही. ती पुन्हा धुऊन लाली काढण्याचा किंवा वर्तमानपत्राची शाई उतरवण्याचा प्रयत्न करू नका, आणि मेव्हण्यांनी आता पेजेचे नाव काढले तर त्यांना माझ्या कसरीची हकीकत सांगा. तिच्या पाकिटात ‘धुतलेली, इस्त्री केलेली’ अशी चिठ्ठी घालून ठेवावी आणि कधी विकायची झालीच तर घेणाऱ्याला ती चिठ्ठी आधी दाखवावी; न सांगता विकणे ही फसवणूक होईल, आणि आपण पाहिलेतच की ती दोन मिनिटांपेक्षा जास्त टिकत नाही. माझ्या मते मात्र ती विकू नये. दुसऱ्या, न धुतलेल्या जॉर्जच्या नोटेशेजारी ती ठेवा. बाजारात घेण्यासाठी एखादी नोट समोर आली आणि मन साशंक झाले, तर जाण्यापूर्वी घरी या दोघी आडव्या बॅटरीखाली आलटून पालटून पाहून जा. डोळा तयार व्हायला याहून स्वस्त साधन मिळणार नाही, कारण त्याची किंमत आपण आधीच भरलेली आहे.